ट्रकची बॅटरी कोण पीत होतं

ऑगस्ट आला की इथे आखातात, करामातल्या आमच्या घराच्या खिडक्यांना बाहेरून घाम फुटतो. आत एसी, बाहेर समुद्रावरून आलेली वाफ. मधली काच दिवसभर गळत राहते. गॅलरीत पाऊल टाकलं की चष्मा पांढरा होतो आणि मी चाचपडत कपड्यांच्या दोरीपर्यंत जाते. सकाळी वाळत टाकलेला टॉवेल संध्याकाळी काढावा तर जास्तच ओला. बसस्टॉपपर्यंत चालत गेलं की ब्लाऊज पाठीला असा चिकटतो, जणू कुणी अनोळखी माणूस मागून टेकून उभा आहे.

निहार, सई, तुमच्या कॅनडात लोक उन्हाची वाट बघतात, म्हणून तुम्हाला हे कळायला कठीण जाईल. ऋतूबद्दल लिहायला बसलं की माणसं हळवी होतात. मला या ऋतूबद्दल हळवं काही सुचत नाही. मला त्याची किळस येते, आणि ती किळस हवामानापाशी संपत नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर सईने तिच्या आईच्या अल्बममधला एक फोटो दाखवला. पांढरा ट्रक, त्याच्या दाराला टेकून तुमचे आजोबा, आणि बाजूला हाताची घडी घालून हसणारे एक उंच गृहस्थ. "आजी, यू गाइज हॅड अ ट्रक? सो कूल! हू इज दिस अंकल?" मी म्हटलं, सांगेन कधीतरी. फोन ठेवला, गळणारी काच पुसायला गेले आणि तो जुना वास नाकात आला. सांगायचं तर सगळं सांगावं, म्हणून तुमच्या आजोबांना विचारलं. त्यांनी हातातल्या पेपरची घडी करून ठेवली. मग म्हणाले, "लिही. मुलांना पाठवण्याआधी मला एकदा दाखव." दाखवलं. त्यांनी एकही शब्द खोडलेला नाही.

आजोबा आयुष्यभर ऑफिसात बसले. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीची माणसं बागकाम करतात, देवदर्शनाला जातात. यांनी एक जुना चिलर ट्रक घेतला. थंड पेटीचा. खोर फक्कानच्या बंदरावर मासळी भरायची, डोंगरातल्या बोगद्यांतून अलीकडे आणायची आणि आमच्या शहरातल्या देरा भागातल्या हॉटेलांना पोचवायची. आणि हा माणूस जन्माचा शाकाहारी! घरी चुकून कोणी सुकटीचं नाव काढलं तरी उठून खिडकी उघडणारा. फोटोतले ते उंच गृहस्थ म्हणजे आमचे ड्रायव्हर, दाऊदभाई. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. ते आजोबांच्या तोंडावर म्हणायचे, "शेठ, तुमचा म्हणजे मिठाईवाल्याला डायबिटीस झाल्यासारखा हाय. धंदा मासळीचा, आन् वास आला की नाकाला रुमाल."

मला ते भाबी म्हणत. बोलके होते. गाडीशी बोलत, सिग्नलशी बोलत, बर्फाच्या खोक्यांशी बोलत. माल भरेपर्यंत किंवा उतरेपर्यंत गाडी उभी असली की फोन स्पीकरवर टाकून घरच्यांशी बोलत. मालकाच्या घरी येऊन मात्र कधी रडगाणं गायले नाहीत.

त्या वर्षी दमट हवा लागली आणि गाडी सकाळी उठेनाशी झाली. किल्ली फिरवली की नुसतं टक्, टक्. धक्क्यावर खोकी तयार, बर्फ वितळतोय, आणि दाऊदभाईंचा फोन, "शेठ, गाडी उठत नाय." कुणा दुसऱ्या ट्रकवाल्याला हातापाया पडून त्याच्या बॅटरीला वायरी जोडायच्या, गाडी चालू करायची, तोवर हॉटेलवाल्यांच्या शिव्या. बॅटरी बदलली. थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तेच. पुन्हा बदलली. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालताना बॅटरी भरणारं यंत्र, तेही खोलून बसवून झालं. बॅटरीच्या दुकानात गेलं की एकच उत्तर, "गर्मी है ना मॅडम, बॅटरी इधर जिंदा नहीं रहता. नया डालो, खलास." या खलासची मला शिसारी येई. दुखणं कुठे आहे ते बघायचं नाही, अवयव बदलत राहायचं.

एकदा मी त्या बॅटऱ्यांचं झाकण उघडून बघितलं. टोकांवर पांढरट हिरवी बुरशीसारखी पूड फुललेली, वर मासळीच्या पाण्याचा चिकट थर, त्यात झुरळांची घाण. आपल्याच माणसांनी बसवलेली वस्तू पुन्हा कधी कोणी डोळ्यांनी बघितलीच नव्हती.

आजोबांनी घरात बसून निदान करून टाकलं. "दाऊद रात्री गाडीत झोपतो. इंजिन बंद, पंखा आणि दिवे चालू. बॅटरी उतरणार नाही तर काय?"

"असं का करेल तो?"

"त्याच्या खोलीतला एसी बंद पडलाय. सहा माणसं एका खोलीत. मग येतो गाडीत."

"तुम्हाला कोणी सांगितलं एसी बंद पडल्याचं?"

"कळतं."

मी पोळ्या लाटत होते. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "आणि घरचीही कटकट आहे त्याच्या. बायको भांडून माहेरी गेलीय. अशा माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं."

"दाऊदभाईंनी सांगितलं तुम्हाला?"

"कळतं म्हटलं ना!"

माणसाला एवढं सगळं कसं कळतं, याचं मला नवल वाटलं. शेजारच्या घरात कोण आजारी आहे ते ज्यांना माझ्याकडून कळतं, त्यांना डोंगरापलीकडच्या खोलीतला बंद एसी कळत होता.

दाऊदभाईंनी फोनवर शपथा घेतल्या. "कुरआनावर हात ठेवतो शेठ, मी नाय झोपलो गाडीत." आजोबा ऐकेनात. त्यांनी सांगून टाकलं, की आता पुन्हा एकदा गाडी बंद पडली तर व्हिसा कॅन्सल, सामान बांध. मुलांनो, इथे राहणं मालकाच्या व्हिसावर असतं. तो गेला की देश सोडायचा. दाऊदभाई साठीला टेकलेले. त्या वयाच्या ड्रायव्हरला दुसरं कोण घेणार? आणि गावी जायचं ते काय घेऊन, तर मालकाच्या गाडीत झोपून नुकसान केलं म्हणून काढला, हे नाव घेऊन. खाडीकाठच्या छोट्या गावात अशी गोष्ट बोटीच्या आधी पोचते.

आणि गाडी बंद पडलीच. भरलेल्या मालासकट.

आम्ही कारने निघालो. ते गाडी चालवताना एकच वाक्य घोळवत होते, "आज खलास करतो हा विषय." मी माझा वीज मोजायचा मीटर पर्समध्ये टाकला होता. तुमच्या आईला आठवत असेल, मी शाळेत फिजिक्स शिकवायचे, आणि घरातला कुठलाही दिवा, मिक्सर, इस्त्री आधी मोजल्याशिवाय मी टाकू द्यायचे नाही. बोगद्यातून बाहेर पडलं की पूर्वेचा समुद्र दिसतो. पाहुण्यांना दाखवायला छान. त्या दिवशी तो उकळलेल्या दुधावरच्या सायीसारखा दिसत होता, जड, हलत नसलेला.

बंदरामागच्या वाळूच्या मैदानात ट्रक उभा होता. मागच्या दारातून मासळीचं लालसर पाणी ठिबकत होतं आणि खाली माश्यांचा काळा गोल जमला होता. आजोबांनी रुमाल काढला. दाऊदभाई सावलीत उकिडवे बसले होते. उठले. मला एवढंच म्हणाले, "भाबी, तुमी कशाला आलात या घाणीत?"

"मोजायला आले," मी म्हटलं.

आजोबा म्हणाले, "मोजायचं काय त्यात? कारण माहीत आहे."

"मग माझ्या मोजण्याने ते बदलणार नाही. थांबा."

आधी गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती पूड धुतली. तिचा फेस होऊन हातमोज्यांवर आला. शेजारच्या ट्रकवाल्याच्या बॅटरीने आमचं इंजिन चालू करून घेतलं. ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, एकीमागे एक जोडलेल्या. दोघींचा जोर मिळून गाडी चालते. दोघींवर मिळून मीटर लावला तर अठ्ठावीस व्होल्ट, जेवढे हवेत तेवढे. म्हणजे भरणारं यंत्र ठीक होतं, ते उगाच खोललं होतं. मग एकेकीवर लावला. दोघींना सारखा वाटा मिळायला हवा. एक पंधराच्या वर, दुसरी तेराच्याही खाली. एकीला जबरदस्तीने भरवलं जात होतं आणि दुसरी उपाशी. भरवलेली आतून उकळत होती. तिच्याजवळ वाकले तर सडक्या अंड्याचा वास. आता कळलं, नवी बॅटरी दर वेळी का मरत होती.

"दोघींमध्ये असा भेद कोण करतंय?" मी म्हटलं.

दाऊदभाई पहिल्यांदा हसले. "सासू असेल आत."

इंजिन थोडा वेळ चालू दिलं, मग बंद केलं. किल्ली मागून घेऊन पर्समध्ये ठेवली, कारण आता मीटर तारेच्या मधेच लावायचा होता आणि कोणी चुकून किल्ली फिरवली असती तर मीटर जळला असता. दारं बंद, दिवे बंद, पंखा बंद. गाडी झोपली की आकडा जवळपास शून्यावर यायला हवा. आला नाही. दाऊदभाई खाली उभे, बॅटरीपासून हातभर लांब, आणि कोणीतरी वीज पीत होतं.

"बघा," मी आजोबांना म्हटलं, "हे दिवे नाहीत, पंखा नाही, आणि दाऊदभाई तर मुळीच नाहीत."

"एखादा फ्यूज असेल खराब."

एकेक फ्यूज काढत गेले. प्रत्येक काढला की आकड्याकडे बघायचं. जो काढल्यावर आकडा पडेल तिथे चोर. सगळे काढून झाले, आकडा जागचा हलला नाही. म्हणजे हे पिणारं फ्यूजच्या वाटेने येतच नव्हतं. थेट बॅटरीला तोंड लावून बसलं होतं.

आजोबा तेव्हा म्हणाले, "अगं, जाऊ दे ना. ऊन वाढतंय. नव्या दोन टाकू आणि निघू." जो माणूस विषय खलास करायला आला होता तो आता निघू म्हणत होता. मी त्यांच्याकडे बघितलं. घाम सगळ्यांनाच येत होता, पण त्यांचा वेगळा होता.

दोन्ही बॅटऱ्यांना जोडणाऱ्या जाड केबलला एक बारीक लाल वायर गुंडाळलेली सापडली. काळी टेप इतकी मासळीच्या मळाने माखलेली, की ती गाडीबरोबरच जन्मली असावी असं वाटे. कारच्या वायरी जोडायची सवय असलेल्या कुणाचं तरी काम. कारला बारा व्होल्ट लागतात, म्हणून त्याने ट्रकच्या दोनपैकी एका बॅटरीतून बारा काढून घेतले, आणि तीच बिचारी उपाशी राहत होती. वायर गाडीच्या मूळ तारांच्या जुडग्यात लपवत केबिनमध्ये नेली होती, तिथून वर, छताच्या कापडाआड. दाऊदभाईंनी कापड सैल केलं. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर एक काळा डबा चिकटवलेला होता, साबणाच्या वडीएवढा. आत सिमकार्ड. एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक.

"ट्रॅकर हाय," दाऊदभाई म्हणाले. "गाडी कुठं हाय ता दाखवतो. ता काय, सगळ्या गाड्यांना असतो."

मी डबा उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग ते भोक बघितलं.

"हा नुसता दाखवत नाही," मी म्हटलं. "ऐकतो."

आजोबा दाराशी उभे होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "देऱ्यातल्या एका मोबाईलवाल्याने बसवून दिला. डिझेल चोरीला जातं की काय, खात्री नव्हती म्हणून. एवढ्याशा डब्याने बॅटरी उतरेल हे कोणाला माहीत? सगळेच लावतात."

"जागा दाखवणारा लावतात, शेठ," दाऊदभाई म्हणाले. आवाज चढला नव्हता. "कान कोण लावतो?"

मेकॅनिक गाडी खोलत होता, बॅटऱ्या मरत होत्या, एका माणसाचं अन्न जायची वेळ आली होती, आणि आजोबा डब्याचं नाव काढत नव्हते, कारण काढलं असतं तर त्यांचं ऐकणं उघडं पडलं असतं. मुलांनो, मी तुमच्या आजोबांबरोबर उभं आयुष्य काढलं. त्यांचा राग मला माहीत होता, हट्ट माहीत होता. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ते कानाला फोन लावून दुसऱ्याच्या केबिनमधलं ऐकत होते आणि मी त्यांना गरम पोळी वाढत होते, हे मला माहीत नव्हतं. मला त्यांच्या कानांकडे बघवेना.

आताच्या काळात हे तुम्हाला फारसं वाटणार नाही. दारावर कॅमेरा, लिफ्टमध्ये कॅमेरा, निहार शाळेतून निघाला की आईच्या फोनवर ठिपका चालू लागतो. ठिपक्याची मला किळस नाही, तो निहारला माहीत आहे, आणि तो उशिरा हलला तर आई लगेच फोन करते, "कुठे आहेस, बरा आहेस ना?"

दाऊदभाईंनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. त्यांनी विचारलं, "माझ्या खोलीतला एसी बंद हाय ता यातूनच कळला तुमाला?"

आजोबांनी त्या डब्याकडे बघितलं.

"रुखसाना माहेरी गेली ता पण?"

ते दारापासून एक पाऊल मागे सरकले.

"ती रडली त्या दिवशी, ता ऐकलात?"

आजोबांनी मान हलवली. होय.

"मग शेठ," दाऊदभाई म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मी माल घेऊन आलो, तुमी समोर उभे होतात. एवढा सगळा ऐकलात, तर विचारलात का नाय? दाऊद, घरी बरा हाय ना, एवढा विचारायचा. मी काय तुमाला विचारलो असतो, कसा कळला म्हणून?"

आजोबा रुमाल नाकाला लावायचा विसरले होते.

मी ती लाल वायर कापली. मीटरचा आकडा खाली आला. दुकानदाराला बोलावून दोन्ही बॅटऱ्या एकदम, एकाच जातीच्या, बदलायला लावल्या. "मॅडम, एक तो अच्छा है," तो म्हणत राहिला. मी म्हटलं, जोडीतली एक उपाशी राहिली की दुसरी चांगली राहत नाही भाऊ, दोन्ही टाक. गाडी एका किल्लीत उठली.

दाऊदभाईंना मी म्हटलं, "तुम्हाला जायचं असेल तर मानाने जा. काम हवं असेल तर काम तुमचंच आहे. यांच्या वतीने मी सांगते."

"त्यांच्या वतीने नको, भाबी. त्यांना तोंड हाय." मग आजोबांकडे वळून म्हणाले, "गाडी मी चालवीन. पण आज तुमी माझ्या बाजूला बसायचा. ऐकायचा हाय ना, बसून ऐका. यल्ला, चला, माल सडतोय."

तुम्ही काळजी कराल म्हणून सांगून ठेवते, दाऊदभाईंनी तो ट्रक आम्ही विकेपर्यंत चालवला आणि मग स्वतःच्या मर्जीने गावी गेले. पण त्या दिवशी हे काहीच ठरलेलं नव्हतं. आजोबा त्या केबिनमध्ये चढले. सीटला मासळीचा वास, एसी आधीच धापा टाकणारा. मी आमची कार घेऊन मागे निघाले. पुढे पांढरी पेटी, तिच्या दाराच्या फटीतून गळणारं लालसर पाणी, माझ्या काचेवर त्याचे शिंतोडे. वायपर फिरवला की ते पसरत. बोगद्यामागून बोगदा. पेटीपलीकडे त्या दोघांत काय बोलणं झालं, झालं की नाही, ते मला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं.

देऱ्यात हॉटेलच्या मागच्या गल्लीत ट्रक थांबला. आजोबा उतरले ते भिंतीला धरून. शर्ट घामाने काळा, चेहरा उतरलेला. बोगद्यांमध्ये कुठेतरी त्यांना उलटी झाली होती, ती शर्टावरच होती. माणसं खोकी उतरवू लागली. बर्फाचं पाणी गटाराकडे वाहत होतं आणि आजोबा बुटांसकट त्यात उभे होते. मी पाण्याची बाटली दिली, रुमाल दिला नाही.

दाऊदभाईंनी नेहमीप्रमाणे, माल उतरेपर्यंत, फोन लावला, या वेळी बायकोच्या माहेरी. स्पीकरवर. त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलले आणि फोन आजोबांच्या हातात दिला.

"बोला, शेठ."

आजोबांनी घसा खाकरला. "रुखसानाबाई, कशा आहात? बरं आहे ना घरी?"

पलीकडून एका बाईचा आवाज आला, सावध, परक्या माणसाशी बोलताना असतो तसा.

"कोण बोलतंय? मी नाय ओळखलं तुमाला."